कायम कामगारांच्या पलीकडे बघा

'२०१९ च्या वाहन उद्योगातल्या मंदीत पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कंपन्यांनी कायम कामगार काढलेच नाहीत, मग नोकऱ्या गेल्या कुठे?' असं कुणीतरी विचारलंय. त्या गेल्या भोसरी आणि चाकणच्या छोट्या कारखान्यांच्या शेडमधून.

मोठ्या कारखान्यात ब्लॉक क्लोजर लागला, म्हणजे मागणी नाही म्हणून काही दिवस उत्पादन बंद ठेवलं, की कायम कामगार घरी बसतो, पण हजेरीपटावर राहतो. त्याच कारखान्याला बुश, पिन, ब्रॅकेट असे सुटे भाग बनवून देणाऱ्या जॉबवर्कवाल्याचं शेड्यूल, म्हणजे मिळणारं काम, निम्म्यावर येतं. तो आधी ओव्हरटाइम बंद करतो, मग रात्रपाळी, मग ठेकेदाराला फोन करून 'दहा पोरं कमी पाठव' म्हणतो. त्या पोरांना ना नोटीस, ना भरपाई. गेटपास परत घेतला की विषय संपला. याला कपात कोणी म्हणतच नाही, त्यामुळे ती मोजलीही जात नाही. मला सर्वात जास्त संताप याचाच येतो.

यातली कितीतरी मुलं मराठवाडा-विदर्भातली, आयटीआय करून आलेली. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहायचं, खानावळीचा डबा खायचा, उरलेले पैसे गावी धाडायचे. काम सुटलं की महिन्याभरात खोलीही सुटते.

मंदीचं कारणही एकच नव्हतं. आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था बुडाल्यावर वाहनकर्ज आटलं. त्याआधी जुलै २०१८ मध्ये ट्रकची अधिकृत भारक्षमता वाढवली, म्हणजे आहे त्याच ट्रकमध्ये जास्त माल, नव्या ट्रकची गरज कमी. शिवाय एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलेलं. निदान ठेकेदारांच्या ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) भरण्यावरून तरी ही माणसं मोजायला हवी होती.