प्रतिसाद: परिषदेची पावती म्हणजे निमंत्रण नव्हे

दादा, शिरोलीच्या फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) शाश्वततेच्या परिषदेला जर्मनीला जाताय, आणि व्हिसासाठी नोंदणीची पावती पुरेल का असं विचारलंय. पावतीवर विसंबू नका. आयोजकांकडून आणि ज्या गिऱ्हाईकाला भेटणार त्याच्याकडून लेटरहेडवर निमंत्रणपत्र घ्या. त्यात तुमचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. तारखा, कामाचं स्वरूप आणि खर्च कोण करणार हेही हवं. पत्रातल्या, तिकिटाच्या आणि हॉटेलच्या तारखा जुळत नसतील तर अर्ज तिथंच अडकतो.

अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण एवढं ताणू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही. प्रवासातल्या आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोचा. शेंगेन गटातले (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय) दोन देश असतील तर जिथं जास्त दिवस, तिथला व्हिसा.

गिऱ्हाईकाला दाखवायचा कास्टिंगचा (ओतीव भागाचा) नमुना चेक-इन बॅगेतच टाका. जाड लोखंडातून एक्स-रे आरपार जात नाही, त्यामुळं बॅग उघडून बघू शकतात. गंजरोधक तेल कोरड्या फडक्यानं नीट पुसा, नाहीतर कपडे आणि कागद दोन्ही खराब होतात. सोबतच्या इनव्हॉइसवर ‘विक्रीसाठी नाही’ लिहा, पण किंमत शून्य टाकू नका. कस्टमला आकडा लागतोच.

आणि खरंच कार्बन वाचवायचा असेल तर गिऱ्हाईकांच्या भेटी त्याच आठवड्यात बसवा, तिथं रेल्वेनं फिरा.