निकाल लागून गेलाय, मग घाम कुणासाठी गाळायचा?

तिसरा_पंच

ब्रायन लाराचे नाबाद ४०० आठवा. एप्रिल २००४, अँटिग्वा. इंग्लंडने पहिल्या तिन्ही कसोटी जिंकलेल्या, मालिका हातची गेलेली. चौथी कसोटी ठरलेली होती म्हणून खेळायची, इतकंच. त्याआधीच्या सहा डावांत मिळून लाराच्या धावा होत्या १००. 'जाऊ दे आता' म्हणत तो तीस-चाळीस करून परतला असता तर कुणी फार बोट दाखवलं नसतं. तो ५८२ चेंडू खेळला.

हल्ली साखळी संपत आली की उलटं चित्र दिसतं. संघ बाद फेरीत पोचलेला असतो किंवा स्पर्धेबाहेर गेलेला असतो, आणि मैदानावर अकरा माणसं नुसत्या पाट्या टाकत असतात. धाव घेताना अर्ध्यावरून परत, झेलासाठी झेप नाही, आणि चेहऱ्यावर घरी जायची घाई.

माझं म्हणणं सरळ आहे. कुणाला विश्रांती द्यायची असेल तर द्या, राखीव खेळाडू उतरवा. पण जो मैदानात उतरला त्याने अंग चोरायचं नाही. गुणतक्त्यात फरक पडो वा न पडो.

गुडघा_नं_दोन

वाटच बघत होतो असा धागा कोण काढतंय याची.

लाराचं उदाहरण सोयीचं आहे, कारण ते गोड संपलं. आता कडू संपलेलं घ्या. अमेरिकन फुटबॉलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा वेस वेल्कर. २००९ च्या हंगामात त्याने १२३ झेल घेतले होते. साखळीतला शेवटचा सामना ह्यूस्टनमध्ये, पेट्रियट्सची बाद फेरी आधीच पक्की. सामना सुरू होऊन काही मिनिटं झाली नाहीत तोच वेल्करचा गुडघा गेला. एकाही प्रतिस्पर्ध्याचा धक्का लागलेला नव्हता, वळताना पाय रुतला एवढंच. पुढच्या आठवड्यात बाल्टिमोरने त्यांना ३३-१४ असं घरी पाठवलं.

प्रेक्षकाला हे सगळं 'जिद्द' वगैरे वाटतं. खेळाडूच्या दृष्टीने शरीर हेच त्याचं भांडवल असतं आणि ते दहा-बारा वर्षांत संपतं. भांडवल कुठे लावायचं हे त्याने ठरवावं की गॅलरीत बसलेल्याने?

आणि हो, लाराच्या त्या चारशेपायी डाव घोषित करायला उशीर झाला, अशी टीका तेव्हाही झाली होती. सामना अनिर्णित सुटला. म्हणजे तुमचं ते आदर्श उदाहरणसुद्धा संघासाठी जीव तोडण्याचं होतं की स्वतःच्या विक्रमासाठी, हा वाद आहेच.

तिसरा_पंच

@गुडघा_नं_दोन, वेल्कर उतरलाच नसता तर माझी काहीच तक्रार नव्हती. मी ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. प्रशिक्षकाने त्याला बाहेर ठेवायला हवं होतं, हे फार तर मान्य. पण तो उतरला आणि त्याने अर्ध्या वेगाने धावायला हवं होतं, असं तुम्हाला म्हणायचंय का? तो तर नुसता वळला होता. अर्ध्या वेगात गुडघा वाचला असता, हे कशावरून?

लाराबद्दल: सामना अनिर्णित सुटला म्हणजे ४-० झालं नाही. हेही संघासाठीच.

शटलची_पिसं

लंडन ऑलिंपिक २०१२ चा विषय अजून कुणी काढला नाही याचं आश्चर्य वाटतं.

महिला दुहेरी बॅडमिंटन, गटातले शेवटचे सामने. चार जोड्या: एक चीनची, दोन दक्षिण कोरियाच्या, एक इंडोनेशियाची. सगळ्या पुढच्या फेरीत पोचलेल्या, आणि प्रत्येकीला हरायचं होतं, कारण गटात दुसरं आल्यावर पुढचा प्रतिस्पर्धी सोपा मिळत होता. चीनच्या यू यांग आणि वांग शियाओलींना तर आपल्याच देशाच्या दुसऱ्या जोडीशी अंतिम फेरीआधी गाठ नको होती. मग सर्व्हिस जाळ्यात, फटके बाहेर. एका गेममधली सगळ्यात लांब रॅली चार फटक्यांची! प्रेक्षक शिट्ट्या मारतायत, पंच मधे येऊन तंबी देतायत. दुसऱ्या दिवशी आठही जणी स्पर्धेबाहेर. आरोप काय, तर जिंकण्यासाठी सर्वोत्तम प्रयत्न न करणं.

मी ते तेव्हा थेट पाहिलं. हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला सर्व्हिस मुद्दाम जाळ्यात घालताना बघणं फार विचित्र असतं, निष्णात गवयाने ठरवून बेसूर गावं तसं.

आकडेमोड

मी त्या आठ जणींच्या बाजूने आहे. मारा दगड.

त्यांचं उद्दिष्ट सुवर्णपदक होतं, मंगळवारचा तो सामना जिंकणं नव्हे. चारशे मीटरच्या प्राथमिक शर्यतीत धावपटू शेवटचे वीस मीटर जवळजवळ चालत पार करतो, त्याला आपण 'ताकद राखून धावला' म्हणतो आणि कौतुक करतो. जलतरणातही तेच. मग बॅडमिंटनमध्येच ते पाप कसं?

दोष आराखड्याचा होता. पूर्वी दुहेरीत सरळ बाद फेऱ्या असायच्या, त्या वर्षी गटसाखळी आणली आणि हरण्यात फायदा ठेवला. पुढे महासंघाने नियम बदलला, गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांसाठी चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. म्हणजे चूक कुणाची होती हे त्यांनीच कबूल केलं, नाही का?

१९८२ चा फुटबॉल विश्वचषक हा याचा थोरला भाऊ. स्पेनमधलं गिहोन, २५ जून. पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया. अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशी होऊन गेलेला, त्यामुळे कोणत्या निकालाने दोघंही पुढे जातील हे दोन्ही संघांना तोंडपाठ. जर्मनीच्या रुबेशने दहाव्या मिनिटाच्या सुमारास गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघ एकमेकांना नमस्कार-चमत्कार करत चेंडू फिरवत बसले. जर्मनीला गटात हरवलेला अल्जीरिया घरी गेला. नियम कुणीच मोडला नव्हता. उपाय काय केला? १९८६ पासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी. नीतीचे धडे देण्यापेक्षा घड्याळ जुळवणं जास्त उपयोगी पडलं.

शटलची_पिसं

@आकडेमोड, धावपटू वेग कमी करतो तेव्हाही तो पात्र ठरायला धावत असतो. मुद्दाम पाचवा येत नाही. ताकद राखणं वेगळं आणि हरायला धडपडणं वेगळं. त्या आठ जणी प्रयत्न कमी करत नव्हत्या हो, उलट भरपूर प्रयत्न करत होत्या, फक्त उलट्या दिशेने.

बारावा_गडी

+१. 'उलट्या दिशेने भरपूर प्रयत्न' हे आवडलं.

गुडघा_नं_दोन

गिहोनचं उदाहरण इथे बसत नाही. तो सामना निरर्थक नव्हताच, त्याच्यावर अल्जीरियाचं सगळं अवलंबून होतं. विषय निरर्थक सामन्यांचा आहे.

सामनावीर_कधीच_नाही

@गुडघा_नं_दोन, नेमकं इथेच माझं म्हणणं येतं. निरर्थक कुणासाठी?

डिसेंबर २००९, अमेरिकन फुटबॉलमधलेच इंडियानापोलिस कोल्ट्स. चौदापैकी चौदा सामने जिंकलेले, बाद फेरीतलं अव्वल स्थान पक्कं. पंधराव्या सामन्यात न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध १५-१० अशी आघाडी असताना तिसऱ्या सत्रात त्यांचा मुख्य खेळाडू पेटन मॅनिंग याला बाहेर बसवलं. घरचेच प्रेक्षक हुर्यो करायला लागले. सामना २९-१५ असा गेला, अपराजित हंगामाचं स्वप्न गेलं. आणि जेट्स? त्या विजयाच्या जोरावर ते बाद फेरीत शिरले. त्यांच्यामागे त्याच जागेसाठी झगडणारे जे संघ बाहेर राहिले, त्यांना जाऊन सांगा की तो सामना निरर्थक होता.

साखळी स्पर्धेत तुमचा सामना तुमच्या एकट्याचा नसतोच. तळाच्या संघाने शेवटच्या आठवड्यात मान टाकली की त्याच्याशी आधी, तो झुंजत असताना खेळलेल्या संघावर अन्याय होतो. या एका कारणासाठी मी धागाकर्त्याच्या बाजूने. जिद्द, बाणा, जर्सीचा मान हे सगळं बाजूला ठेवलं तरी.

आकडेमोड

गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याच जेट्सना कोल्ट्सनी पुढे उपांत्य लढतीत ३०-१७ असं हरवलं, ताज्यातवान्या मॅनिंगच्या जोरावर, आणि सुपर बोल म्हणजे अंतिम सामना गाठला. डाव बरोबर पडला की.

सामनावीर_कधीच_नाही

आणि सुपर बोल हरले. :)

आता माझी दुसरी अर्धी. २००७ चा हंगाम, शेवटचा आठवडा. पेट्रियट्स पंधरा सामने अपराजित. समोर न्यूयॉर्क जायंट्स, त्यांचं बाद फेरीतलं स्थान ठरून गेलेलं, या सामन्याने वर-खाली काहीच होणार नव्हतं. प्रशिक्षक टॉम कॉफलिननी मुख्य खेळाडू उतरवले आणि पूर्ण ताकदीने खेळवले. ३८-३५ असे हरले, वर काही जण जायबंदी झाले. पण पेट्रियट्सना हरवता येतं हे त्या रात्री त्यांना कळलं. पाच आठवड्यांनी सुपर बोलमध्ये तेच दोघे समोरासमोर, निकाल १७-१४, जायंट्स.

गुडघा_नं_दोन

एक जायंट्स दाखवलात, मी एक वेल्कर दाखवला. अशी उदाहरणं रात्रभर खेळता येतील.

प्रदर्शनीय सामन्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही, तिथे तर तुमची सगळी तत्त्वं उघडी पडतात. १९७० चा बेसबॉलचा ऑल-स्टार सामना. हौसेचा खेळ, गुणतक्ता नाही, काही नाही. बाराव्या डावात पीट रोझने विजयी धाव घेण्यासाठी यष्टिरक्षकासारखा उभा असलेला कॅचर रे फॉसी याच्यावर सरळ धडक मारली. फॉसीचा खांदा मोडला. तो त्यानंतर पूर्वीसारखा कधीच खेळला नाही. 'शंभर टक्के' ते हेच. समोरच्या माणसाला विचारलं होतं का, की आज तुझा खांदा पणाला लावायचाय?

आता ऑल-स्टार सामन्यांत कुणी कुणाला अडवत नाही म्हणून लोक रडतात. २०२४ मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, तसल्याच सामन्यात निकाल लागला २११-१८६. बचाव नावाला नव्हता. मला त्यात काही गैर दिसत नाही. तो खेळ आहेच करमणुकीचा.

तिसरा_पंच

फॉसीच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. जिथे जोर लावायचा तर समोरच्याच्या शरीरावर, तिथे दोघांचा अंदाज जुळायला हवा. रोझ एक सामना खेळत होता आणि फॉसी दुसरा.

पण २११-१८६ बद्दल: करमणूक म्हणता, तर करमणूक तरी होते का? मी पहिल्या सत्रानंतर टीव्ही बंद केला होता. अडवणारा नसेल तर टाकलेल्या बास्केटला किंमत राहत नाही.

फाटका_बूट

सगळे खेळाडूंच्या मागे लागलेत. मालक आणि व्यवस्थापन कुठे आहेत?

एप्रिल २०२३, एनबीएमधला डॅलस मॅव्हरिक्स संघ. आकड्यांच्या हिशेबाने स्पर्धेत अजून जिवंत असताना त्यांनी शिकागोविरुद्ध बरेच मुख्य खेळाडू बसवले आणि हरले. कारण खाली राहिलं तर नवोदित खेळाडू निवडायचा त्यांचा हक्क त्यांच्याकडेच राहणार होता, वर गेलं तर दुसऱ्या संघाकडे जाणार होता. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. हक्क मात्र राहिला त्यांच्याकडेच! दंड भरून झालेला सौदा.

मैदानावर उतरलेल्या त्या मुलांनी जीव तोडूनच खेळ केला, ११५-११२ इतकं जवळ आणलं. अंग चोरलं ते वरच्या मजल्यावर. पण पाट्या टाकल्याचा ठपका नेहमी घामाने भिजलेल्या माणसावर येतो. मी नोकरीत हेच रोज बघतो, असो.

शटलची_पिसं

टेनिसमध्ये निदान हिशेब रोख आहे. २०१९ च्या विम्बल्डनला बर्नार्ड टॉमिच पहिल्या फेरीत ५८ मिनिटांत हरला. 'व्यावसायिक दर्जाचा खेळ केला नाही' म्हणून बक्षिसाचे सगळेच्या सगळे ४५,००० पौंड कापले.

आकडेमोड

आणि प्रयत्न मोजणार कसे? वाईट दिवस आणि अंगचोरपणा यांत फरक करणारं यंत्र कुठे मिळतं? आज टॉमिच, उद्या ताप अंगावर काढून खेळणारा एखादा. अशा दंडाने खेळाडू प्रयत्न करायला शिकत नाही, प्रयत्नांचा अभिनय करायला शिकतो. जोरात ओरडायचं, रॅकेट आपटायची, हरायचं ते हरायचंच.

बारावा_गडी

इतका वेळ +१ देऊन गप्प होतो, आता लिहितो.

मी क्लबकडून सात हंगाम खेळलो. नावाप्रमाणेच, बहुतेक वेळ पाण्याच्या बाटल्या घेऊन. मला मिळालेले जवळजवळ सगळे सामने तुम्ही ज्यांना निरर्थक म्हणता तेच होते. गुणतक्ता ठरला, मुख्य गडी बसवले, की आमची आठवण यायची. आदल्या रात्री झोप लागायची नाही.

२०१२ मध्ये एनबीएतल्या सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक पोपोविच यांनी आपले मुख्य खेळाडू डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन यांना मायामीच्या सामन्याआधी सरळ घरी पाठवलं होतं. संघाला अडीच लाख डॉलर दंड झाला, प्रेक्षकांची फसवणूक वगैरे बरंच झालं. पण त्या रात्री राखीव गड्यांनी मायामीला, त्यांच्याच मैदानावर, घाम फोडला. १०५-१०० असे हरले फक्त.

माझा त्रास वेगळाच होता. असल्या सामन्यात मी जिवाच्या आकांताने धावायचो आणि पलीकडच्या टोकाला आमचाच एखादा मुरलेला गडी दुसरी धाव नाकारायचा. 'कशाला पळतोस, सुटलाय सामना.' एकदा तर मी अर्ध्या खेळपट्टीवर पोचलो होतो आणि तो जागचा हलला नाही. धावबाद मी झालो.

गुडघा_नं_दोन

कितीवर खेळत होतात?

बारावा_गडी

४७.