बाटली एकाने फेकली, बाहेर काढलं अख्ख्या ब्लॉकला. हे बरोबर आहे का?

कोपऱ्यातला प्रेक्षक

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात लेकीला घेऊन मॅच बघायला गेलो होतो, ती नऊ वर्षांची, स्टेडियममधली तिची पहिलीच मॅच. आमच्या मागच्या रांगेत आठ-दहा पोरांचं टोळकं होतं, पहिल्या ओव्हरपासून बाउंड्रीवरच्या फिल्डरला आईबहिणीवरून चाललेलं. मी दोनदा वळून बघितलं, एकदा म्हटलंही की अरे लहान मुलं आहेत इथे, तर "काका, मग घरी टीव्हीवर बघायची ना" असं उत्तर मिळालं. मग एक निर्णय विरोधात गेला आणि त्यांच्यातल्या निळ्या टोपीवाल्याने पाण्याची बाटली भिरकावली, ती पडली दोरीच्या आत, मागोमाग अजून दोन-तीन आल्या, खेळ थांबला. पाच मिनिटांत सिक्युरिटीवाले आले आणि म्हणे सगळा ब्लॉक रिकामा करा. सगळा! आम्ही, शेजारचे सत्तरीचे आजोबा, पुढच्या रांगेतलं एक नवीन लग्न झालेलं जोडपं, सगळे बाहेर. मी बोट दाखवून सांगतोय की अहो तो बघा तो, तर "साहेब आम्हाला वरून ऑर्डर आहे, पुढे चला". आणि कहर म्हणजे त्या पठ्ठ्याने टोपी काढून खिशात घातली आणि आमच्याच लाइनीत एकदम शहाण्यासारखा बाहेर पडला.

गेटबाहेर लेक विचारते, बाबा आपण काय केलं?

आता ऐकतोय की पुढच्या मॅचलाही तो ब्लॉक बंद ठेवणार आहेत. म्हणजे ज्यांनी त्याचं तिकीट काढलं असेल त्यांनी तर काहीच केलेलं नाही, ते त्या दिवशी तिथे नव्हतेसुद्धा. तर प्रश्न असा की अशा हुल्लडबाजांना नेमकी काय शिक्षा असावी? दंड, बंदी, तुरुंग? आणि सगळ्या स्टँडला शिक्षा देणं तुम्हाला पटतं का? मला तर हे चोर सोडून संन्याशाला फाशी वाटतंय, पण मी रागात आहे त्यामुळे माझंच चुकत असेल तर सांगा.

---

लेगबाय

माझं मत आवडणार नाही तुम्हाला, पण सांगतो. 13 मार्च 1996 आठवा, ईडन गार्डन्स, वर्ल्डकपची सेमीफायनल. लंकेचे 251, आपण 1 बाद 98 वरून 8 बाद 120, आणि मग बाटल्या काय, स्टँडमध्ये जाळपोळ काय. क्लाइव्ह लॉइड मॅच रेफरी होते, त्यांनी टीम आत नेल्या, थोड्या वेळाने पुन्हा खेळवून बघायचा प्रयत्न केला, जमेना म्हटल्यावर सरळ सामना लंकेला देऊन टाकला. त्या वेळी प्रत्येक बाटलीचा मालक शोधत बसले असते का? अशा स्टँडकडे पाठ करून कुठला फिल्डर उभा राहिला असता सांगा.

आणि दुसरं, राग मानू नका. तुम्ही दोनदा वळून बघितलंत, एकदा बोललात, तुमचं कौतुक आहे. पण ब्लॉकमध्ये दोनशे-तीनशे माणसं असतील, बाकीच्यांनी काय केलं? अर्धे हसले असतील, दहा-वीस जणांनी मोबाइलवर शूटिंग केलं असेल. हुल्लडबाजाला बळ मिळतं ते या हसणाऱ्यांमुळे. पुढच्या वेळी "आपला पण खेळ जाईल" ही भीती असेल तर शेजारचेच त्याचा हात धरतील. सुक्याबरोबर ओलं जळतं हे खरं, पण सुकं वेळेत बाजूला काढणं ओल्याच्याच हातात असतं.

---

बारावा गडी

लेगबाय, ओल्याने काढायचं म्हणजे कोणी काढायचं, नऊ वर्षांच्या मुलीने की सत्तरीच्या आजोबांनी? दहा जणांच्या टोळक्याला हटकायला गेलेल्या माणसाचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. ते काम पगारी माणसांचं आहे, ते त्यांनी केलं नाही म्हणून तिकीट काढून आलेल्यांना घरी पाठवायचं, वा.

आणि लॉइडचं नाव काढलंत म्हणून, त्याची दुसरी गोष्ट पण सांगतो. जानेवारी 1975, वानखेडेवरची पहिलीच टेस्ट, वेस्ट इंडिजविरुद्ध. याच लॉइडने द्विशतक मारलं (नाबाद 242 केले त्याने) आणि एक पोरगा आनंदाने मैदानात धावला, अभिनंदन करायला, बाटली फेकायला नव्हे. पोलिसांनी त्याला सगळ्यांदेखत बडवला आणि ते बघून स्टँड पेटलं, त्या दिवशी चहानंतर खेळच झाला नाही. म्हणजे शिक्षा हाताबाहेर गेली, ती पण नको त्या माणसाला, आणि गर्दी बिथरली ती त्यामुळे. 21 वर्षांनी तोच लॉइड ईडनवर रेफरी म्हणून उभा. त्याच्या डोक्यात त्या रात्री वानखेडे आलं असेल का, असं मला नेहमी वाटतं. असो, अवांतर झालं.

माझं म्हणणं एवढंच की दोन गोष्टींची गल्लत होतेय. स्टँड रिकामं करणं हा बंदोबस्त झाला, आग लागली की बिल्डिंग रिकामी करतात तसा. 1999 ला पुन्हा ईडनवरच, पाकिस्तानविरुद्धच्या टेस्टमध्ये सचिन शोएबला धडकून रनआउट झाल्यावर जे सुरू झालं ते शेवटच्या दिवसापर्यंत गेलं, मग सगळं स्टेडियम रिकामं केलं, 65 हजारांच्या आसपास माणसं, आणि आपली शेवटची विकेट रिकाम्या खुर्च्यांसमोर पडली. 46 रन्सनी हरलो. वाईट झालं, पण खेळ तर संपवायचा होता, तेवढं मी समजू शकतो. पुढच्या मॅचला ब्लॉक बंद ठेवणं ही मात्र सरळ शिक्षा आहे, आणि शिक्षा म्हटली की ती कोणाला, कशाबद्दल, हे विचारायलाच हवं.

फुटबॉलमध्ये तर याची मोठमोठी उदाहरणं आहेत. 1985 ला ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल-युव्हेंटस फायनलच्या आधी लिव्हरपूलचे प्रेक्षक युव्हेंटसवाल्यांवर धावून गेले, पळापळीत भिंत कोसळली आणि 39 माणसं मेली. लिव्हरपूलवर बंदी आली ते ठीक, पण इंग्लंडच्या सगळ्याच क्लबना 5 वर्षं युरोपातल्या स्पर्धांबाहेर काढलं. एव्हर्टन त्या वर्षीचे इंग्लंडचे चॅम्पियन, दोनच आठवडे आधी रॉटरडॅमला युरोपातला कप जिंकून आलेले, त्यांची सगळ्यात भारी टीम घरी बसली. त्यांच्या प्रेक्षकांनी काय केलं होतं? मात्र लेगबायच्या बाजूने एक कबूल करतो, त्या बंदीनंतर इंग्लंडमध्ये सगळेच खडबडून जागे झाले. पण स्टेडियमची ती मोडकळीला आलेली भिंत, पोलिसांचा गलथानपणा, त्याची शिक्षा एव्हर्टनच्या पोरांनी का भोगायची हा प्रश्न उरतोच.

---

गेटवरचा

मी काही वर्षं सामन्यांना स्वयंसेवक म्हणून गेट आणि स्टँड सांभाळलंय, कुठे ते सांगत नाही. आतली गोष्ट सांगतो. बाटली फेकणारा सापडत नाही हे साफ खोटं आहे. सीट नंबर असतो, कॅमेरा असतो, आणि मुख्य म्हणजे ब्लॉकवर उभ्या असलेल्या पोराला पहिल्या अर्ध्या तासातच कळलेलं असतं की आज त्रास कुठून होणार. निळी टोपी त्यालाही दिसलेली असणार. पण त्याच्या हातात काय असतं? शिट्टी आणि फ्लोरोसंट जाकीट. वॉकीटॉकीवर सांगितलं तर वरचे म्हणतात "बघ जरा समजावून". मग बाटली पडते, टीव्हीवर दिसते, आणि वरच्यांची एकदम धावपळ, ब्लॉक रिकामा करा. एकाला उचलायला चार माणसं, रिपोर्ट, साक्षीदार, पोलीस स्टेशनला दोन तास लागतात. तीनशे जणांना बाहेर काढायला एक ऑर्डर पुरते. म्हणून ते होतं, त्यात न्यायबिय काही नसतो.

शिक्षा कडक पाहिजे असं सगळे म्हणतात, मी म्हणतो पक्की पाहिजे. "आजीवन बंदी" जाहीर करणं सोपं आहे, पण पुढच्या मॅचला तो मित्राच्या तिकिटावर येतो तेव्हा गेटवर त्याला ओळखणार कोण? इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या हुल्लडबाजांवर कोर्टाकडून बंदीचा हुकूम निघतो, साधारण 3 ते 10 वर्षांचा, आणि टीम बाहेरदेशी खेळायला जाते तेव्हा त्या माणसाला पासपोर्ट पोलिसांकडे जमा करावा लागतो, मोडला हुकूम तर तो वेगळा गुन्हा. ही खरी बंदी. तीन वर्षं जरी ठेवली तरी पुरे, ज्याला मॅचचं वेड आहे त्याला तीन वर्षं म्हणजे जन्मठेपच.

आणि आयोजकांनाही विचारा की झाकणबंद भरलेली बाटली स्टँडमध्ये पोचली कशी. ग्लासात ओतून दिलं तर फेकून फेकून काय फेकणार, फार तर चार लोक भिजतील.

धागाकर्ते, एक विचारतो. तुमच्या मोबाइलमध्ये बघा ना, लेकीबरोबर सेल्फी काढला असेल, मागची रांग आलीये का त्यात?

---

सुमी

सगळे बाटलीवरच अडकलेत. शिक्षा ठरवताना हेतू बघायचा की परिणाम, हे कोणीच बोलत नाहीये.

2021 च्या टूर द फ्रान्सला पहिल्याच दिवशी एक बाई आजीआजोबांसाठी पुठ्ठ्यावर निरोप लिहून रस्त्यात घुसली, तोंड कॅमेऱ्याकडे, पाठ सायकलींकडे. टोनी मार्टिन तिच्या पुठ्ठ्याला धडकला आणि त्याच्यामागे डझनावारी सायकलवाले एकमेकांवर. परिणाम भयानक, हेतू शून्य, निव्वळ बावळटपणा. कोर्टाने 1200 युरो दंड केला आणि सायकलपटूंच्या संघटनेने भरपाई म्हणून मागितला होता फक्त 1 युरो, तो दिला. मला ही शिक्षा फार आवडली. चूक आहे हे ठणकावून सांगितलं, पण बाईला आयुष्यातून उठवली नाही.

आता दुसरं टोक. 30 एप्रिल 1993, हॅम्बुर्ग, टेनिसपटू मोनिका सेलेस मॅचमध्ये खुर्चीत बसलेली असताना मागून येऊन एकाने पाठीत सुरा मारला, का तर त्याला स्टेफी ग्राफ पुन्हा नंबर एक हवी होती. सेलेस 19 वर्षांची, 8 ग्रँड स्लॅम जिंकलेली. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली आणि तीही स्थगित, म्हणजे माणूस घरी! ती दोन वर्षांहून जास्त काळ खेळली नाही, परत आल्यावर एकच ग्रँड स्लॅम जिंकली, आणि जर्मनीत पुन्हा कधीच खेळली नाही. शिक्षा नक्की कोणाला झाली?

आणि अथेन्स 2004, मॅरेथॉनमध्ये ब्राझीलचा वांदरले दि लिमा सगळ्यांच्या पुढे असताना एका माणसाने त्याला ढकलत गर्दीत नेलं, बिचारा तिसरा आला. तोच माणूस एक वर्ष आधी सिल्व्हरस्टोनला चालू शर्यतीत गाड्यांसमोर धावला होता, त्यासाठी दोन महिने आत जाऊन आलेला. अथेन्समध्ये मिळालं काय, वर्षाची स्थगित शिक्षा आणि 3000 युरो दंड. पहिल्यांदा चुकलेला आणि सवयीचा गुन्हेगार यांना एकाच तराजूत कसं तोलणार?

शिव्यांचंही तेच. मागे बसून आईबहीण काढणं हा "माहोल" नाही हो. फुटबॉलपटू व्हिनिसियसला स्पेनमध्ये वलेन्सियात वंशावरून शिव्या देणाऱ्या तिघांना 2024 मध्ये 8 महिन्यांची शिक्षा आणि दोन वर्षं स्टेडियमबंदी झाली. तिथे एवढी लहान शिक्षा असली की पहिल्या गुन्ह्याला सहसा आत जावं लागत नाही, पण नावावर गुन्हा लागला ना. माझ्या मते ते पुरे आहे.

---

बिनधास्त बाउन्सर

तुर्कस्तानने 2011 ला जालीम उपाय काढलेला. फेनरबाहचे या फुटबॉल क्लबच्या प्रेक्षकांनी मैदानात घुसून धिंगाणा घातला म्हणून रिकाम्या स्टेडियममध्ये मॅच खेळवायची शिक्षा होती, त्याऐवजी ठरवलं की फक्त बायका आणि 12 वर्षांखालची मुलं आत, तेही फुकट. 41 हजारांच्या वर आल्या! बाप्ये सगळे बाहेर. कोपऱ्यातले, तुमची लेक आत आणि तुम्ही गेटवर बसला असता 😂

---

लेगबाय

बाउन्सर, पण ही पण सामूहिक शिक्षाच झाली ना, सगळ्या पुरुषांना. आणि सगळ्यांनी तिचं कौतुकच केलं. म्हणजे बारावा गडींचं तत्त्व तिथे कुठे गेलं?

बाकी गेटवरचांचं पटलं. ओळखता येत असूनही उचलत नसतील तर माझा मुद्दा थोडा ढिला पडतो. थोडाच.

---

कोपऱ्यातला प्रेक्षक

सगळ्यांचे आभार. गेटवरचा, तुमचं वाचून रात्री फोटो चाळले आणि सापडला की हो! लेकीने दोन बोटं वर करून काढलेला सेल्फी, तिच्या डाव्या कानामागे निळी टोपी, चेहरा एकदम स्वच्छ. इथे टाकू का? कोणीतरी ओळखेल, एका तासात सगळीकडे फिरेल, त्याच्या ऑफिसात पण पोचू दे.

---

बारावा गडी

नका टाकू, हात जोडतो. जानेवारी 2021, सिडनी टेस्ट, सिराजला वंशावरून शिव्या दिल्या म्हणून खेळ थांबवला, सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं, त्यांचे फोटो जगभर गेले. नंतर ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट बोर्डाची चौकशी झाली, त्यात निघालं की शिव्या दिल्या गेल्या हे खरं, पण ज्यांचे फोटो फिरले ते देणारे नव्हते. आणि शिकागोचा तो बेसबॉलचा प्रेक्षक, 2003 मधला, स्टँडकडे आलेला बॉल पकडायला इतरांसारखाच त्याने पण हात पुढे केला, टीम पुढे हरली आणि सगळं शहर त्याच्या मागे लागलं, माणूस लोकांत दिसेनासाच झाला. 2017 ला क्लबने त्याला विजेतेपदाची अंगठी देऊन एक प्रकारे माफी मागितली, 14 वर्षांनी. त्याने तर काही गुन्हाही केला नव्हता.

तुमच्या टोपीवाल्याने केलाय, मान्य. पण तुमच्या फोटोत तो बाटली फेकताना नाहीये, फक्त बसलाय.

---

कोपऱ्यातला प्रेक्षक

हं. बसलाय खरा. हसतोय पण, लेकीच्या बोटांकडे बघून.

नाही टाकत. आयोजकांना मेल केलाय, आमचे सीट नंबर आणि वेळ लिहून, आणि म्हटलंय की त्या वेळचं कॅमेऱ्याचं फुटेज काढून बघा. लेकीच्या चेहऱ्यावर पट्टी मारून पाठवलाय फोटो. काल रात्रीपासून "आपली तक्रार नोंदवली आहे" एवढंच आलंय, तेही ऑटोमॅटिक.

---

गेटवरचा

फुटेज फार दिवस ठेवत नाहीत, बहुतेक ठिकाणी त्याच्यावरच पुढचं रेकॉर्ड होतं. मेलवर थांबू नका, उद्याच जाऊन लेखी द्या आणि पोच घ्या. शेजारच्या आजोबांचा नंबर घेतला होता का?