मदत हवी आहे: ‘मा’ अजून कुठल्या भाषेत येतो?

नमस्कार मंडळी, पोरीला शाळेत 21 फेब्रुवारीच्या मातृभाषा दिनासाठी तक्ता करायचाय, एकच छोटा शब्द घ्या आणि वेगवेगळ्या भाषांत त्याचा अर्थ काय ते लिहा म्हणे. आम्ही ‘मा’ घेतला, कारण आपल्या अहिराणीत तो सारखाच तोंडात असतो, “घरमा कोन शे?” म्हणजे घरात कोण आहे, आणि गुजरातीतपण तसाच, फक्त नाकात.

इटालियनमध्ये ‘मा’ म्हणजे पण, हंगेरियनमध्ये आज, फ्रेंचमध्ये माझी, एस्टोनियनमध्ये मी, जपानीत मधली मोकळी जागा. संस्कृतात तर ‘मा’ म्हणजे नको! चिनीची वेगळीच गंमत, आवाज सपाट ठेवला तर आई, खाली नेऊन वर उचलला तर घोडा आणि एकदम खाली टाकला तर शिव्या देणं, तिकडं सासूशी बोलताना जपूनच.

आता अडलंय ते आपल्याच भागात. धडगाव-शहाद्याकडचे पावरी बोलणारे, यावल-रावेरचे लेवा बोलीवाले आणि गुजर मंडळी, तुमच्याकडे ‘घरात’ला काय म्हणता? ‘मा’च लागतो का दुसरं काही? एखादं रोजच्या बोलण्यातलं वाक्य टाका ना, शक्यतो व्हॉइस नोट, लिहिलेलं वाचून आमचा उच्चार भलताच होतो. सोमवारी तक्ता द्यायचाय.