मदत हवी आहे: तवशी, दोडका, कारल्यावर फळमाशी, औषध न मारता काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

चिपळूणजवळ आमची अर्ध्या गुंठ्याची परसबाग आहे. मांडवावर तवशी (आमच्याकडची पावसाळी मोठी काकडी), दोडका, पडवळ, कारली. खाली भेंडी आणि कडेला अळू. वेल जोरात आहेत, फुलं भरपूर आहेत, पण फळ बोटाएवढं झालं की पिवळं पडून गळतं. टिकतं ते एका बाजूला वाकडं होतं. फळमाशीच आहे, याबद्दल शंका नाही. वाकड्या फळावर निरखून पाहिलं की सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं आणि त्यातून डिंकासारखा चिकट थेंब आलेला असतो. काल गळलेलं एक तवसं चिरलं, तर आत गराचं पाणी झालेलं आणि पांढऱ्या बारीक अळ्या वळवळत होत्या. ताटात पडल्या की अंग वाकवून चक्क उड्या मारतात.

रासायनिक औषध मारायचं नाही हे पक्कं. मुलं तवशी वेलावरनंच तोडून खातात. शिवाय या वेलांना नर आणि मादी फुलं वेगळी, म्हणजे मधमाश्या गेल्या तर फळच धरायचं नाही. आणि तोंडावर ऋषिपंचमी आहे. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी चालत नाही, म्हणून आमच्याकडे ऋषीची भाजी परसातल्याच पडवळ, दोडका, भेंडी, अळवाची होते. सासूबाईंनी ही प्रथा इतकी वर्षं जपली आहे, ती बाजारच्या भाजीवर भागवायची माझी अजिबात इच्छा नाही.

लाल भुंगेऱ्यांचं सांगू नका, ते सकाळी थंडीत सुस्त असतात तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकते, तेवढ्याने भागतं. भेंडीवरच्या माव्या-तुडतुड्यांना 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो: 50 ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळून चिमूटभर साबण घालायचा आणि ऊन उतरल्यावर फवारायचं. फळमाशीचं दुखणं वेगळं आहे. ती अंडी सालीच्या आत घालते, अळी गरातच वाढते. वरून मारलेलं आतल्या अळीला लागणार कसं? त्यात आपल्याकडचा पाऊस. संध्याकाळी फवारलेलं रात्रीतून धुऊन जातं.

आता जिथे अडलंय ते विचारते.

शेजाऱ्यांच्या कलमांच्या बागेत फळमाशीचे सापळे आहेत, ते देतोही म्हणाले. पण त्यात मिथाइल युजेनॉल हे वासाचं आमिष असतं, त्याला आंब्यावरची माशी येते. वेलभाज्यांवरची माशी वेगळी, तिला क्यू-ल्यूर हे दुसरं आमिष लागतं. दोन्हींकडे येतात ते नरच. मोठ्या शेतात नर कमी झाले की पुढची पैदास घटते, हे कळतं. पण एवढ्याशा मांडवाला आजूबाजूच्या रानातून आधीच मीलन झालेल्या माद्या येत असतील, तर सापळ्याचा कितपत उपयोग? एखादा सापळा मांडवापासून लांब लावायचा की मांडवातच? परसबागेत लावून पाहिलेल्यांनी जरूर लिहा.

मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते फळ झाकणं. माशीला टोचायलाच मिळालं नाही तर प्रश्नच मिटला. फूल उमललेलं असताना झाकलं तर परागीभवन होणार नाही, म्हणून फळ धरल्यावर फूल सुकू लागलं की लगेच पिशवी चढवायची. (दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तवशाची सकाळी, त्यामुळे दोन्ही वेळा मांडवाखाली फेरी होतेच.) पण पिशवी कशाची? वर्तमानपत्राची एका सरीत लगदा होते. प्लास्टिकमध्ये पाणी साचून फळ कुजतं. जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवायचा विचार आहे, पण जाळी फळाला चिकटून बसली तर माशी तिच्यातूनही टोचेल ना? आत काही तारेची कडी वगैरे घालता का? आणि पडवळाचं काय करायचं? त्याला सरळ वाढायला खाली दगड बांधतो, एवढी लांब पिशवी कोणी करतं का?

दुसरं, गळलेली फळं. अळी पूर्ण वाढली की फळातून बाहेर पडून मातीच्या वरच्या थरात कोषात जाते आणि तिथूनच नवी माशी निघते, म्हणून गळलेलं फळ रोज उचलायचंच. उन्हाळ्यात काळ्या पिशवीत बांधून उन्हात टाकता येतं, आता ऊन कुठलं? दोन फूट खोल पुरायचं म्हटलं तर खड्ड्यात पाणी भरतं. झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून ठेवली तर अळ्या मरतात का, आणि ते पाणी नंतर झाडांना घातलं तर चालेल का? मांडवाखाली कोंबड्या सोडल्या तर त्या कोष उकरून खातात म्हणे, पण अळू आणि भेंडीची मुळं उघडी पडतील ही भीती आहे.

कोकणात, गोव्यात भर पावसात वेलभाज्या घेणाऱ्यांनी आधी सांगा, कारण देशावरचे उपाय इथे वाहून जातात. क्यू-ल्यूर चिपळूण, खेड किंवा दापोलीत सुटं मिळत असेल, तर दुकानात कोणत्या नावाने मागायचं आणि किती दिवसांनी बदलायचं तेही कळवा. पिशवीचा फोटो टाकलात तर या आठवड्यातच शिवायला घेते.