विषय: नागपूरच्या घोडेस्वारी वर्गाची नावनोंदणी – डॉक्टरांच्या सहीपाशी अडलेले सात अर्ज

सर्वांस नमस्कार,

वर्धा रस्त्यावरच्या तबेल्यातील दिव्यांग मुलांचे घोडेस्वारी-उपचाराचे वर्ग डिसेंबरात सुरू करायचे, तर अकराही अर्ज या रविवारपर्यंत पूर्ण व्हायला हवेत. मार्चपासून ऊन तापू लागते, त्यामुळे आपल्या हाती फेब्रुवारीअखेरपर्यंतचाच वेळ आहे. आज माझ्याकडे चार अर्ज पूर्ण आहेत आणि उरलेले सात डॉक्टरांच्या सहीपाशी अडले आहेत. ‘घोड्यावर बसण्यास हरकत नाही’ हे वाक्य वाचले की डॉक्टर फॉर्म परत करतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण त्यांनी पाहिलेला घोडा वरातीतला असतो. आपल्या घोडीला मोतद्दार पुढून धरतो, दोन्ही बाजूंनी एकेक स्वयंसेवक मुलाच्या मांडीवर हात ठेवून चालतो आणि ती अर्धा तास नुसती चालते, हे फॉर्मवर कोठेच लिहिलेले नाही. या हिवाळ्यापुरते पालकांच्या हमीपत्रावर भागवावे का, एवढेच कळवा.

काकू, धरमपेठ

*

काकू, सप्रेम नमस्कार.

हमीपत्रावर कृपया मुळीच भागवू नका. मी इथे न्यू जर्सीतल्या घोडेस्वारी-उपचार केंद्रात पाच वर्षे घोड्याच्या बाजूने चालतो आहे. अमेरिकेतील अशा केंद्रांची मानके पाथ इंटरनॅशनल ही संस्था ठरवते आणि तिच्या नियमानुसार डाऊन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष) असलेल्या स्वाराची दरवर्षी डॉक्टरांकडून मज्जासंस्थेची तपासणी व्हावीच लागते. या मुलांपैकी काहींच्या मानेतील पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो आणि घोड्याच्या पाठीची हालचाल थेट मानेपर्यंत पोहोचते. माझे स्पष्ट मत असे की अशा प्रत्येक मुलाचा मानेचा एक्स-रे मागवावा आणि तो येईपर्यंत नाव प्रतीक्षायादीत ठेवावे.

न्यू जर्सीहून, भाऊ

*

भाऊ, मी फक्त एक्स-रेविषयी लिहिते.

तक्रार नसलेल्या मुलाचा एक्स-रे पुढचा धोका नीट सांगत नाही, म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये तो सरसकट काढू नये असे सांगितले. डॉक्टरांनी पाहायचे ते वेगळे आहे: मुलाची चाल अलीकडे बदलली आहे का, हाताची पकड सैल झाली आहे का, मान दुखते किंवा तिरकी धरली जाते का, लघवीवरचा ताबा गेला आहे का. यांतले काही आढळले तर घोडा नाही, आणि एक्स-रेसह पुढची तपासणी त्याच दिवशी सुरू व्हावी.

सहीला मात्र पर्याय नाही, हे मी अनुभवाने सांगते. माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतील इजेमुळे त्याच्या स्नायूंवर नीट ताबा नाही. एका डॉक्टरांनी त्याला हातही न लावता, उभ्याउभ्या सही दिली होती. चढवताना त्याच्या मांड्या घोडीच्या रुंदीएवढ्या फाकेनात. तो ओठ दाबून गप्प राहिला, पण त्याची बोटे खोगिराच्या कडेत रुतलेली मला दिसली आणि आम्ही त्याला लगेच खाली घेतले. नंतरच्या एक्स-रेत डावा खुबा सांध्यातून निम्मा सरकलेला निघाला.

तरीही या उपचाराची भीती वाटू नये, कारण तो कशामुळे उपयोगी पडतो ते समजण्याजोगे आहे. घोड्याची पाठ चालताना पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलते, आणि बसलेल्याच्या कमरेला माणसाच्या चालण्यासारखीच हालचाल मिळते. डॉक्टरांना हे समजावून सांगितले, तर ते तपासतील आणि तपासूनच सही करतील.

प्रतापनगरची फिजिओथेरपिस्ट

*

सभासदहो,

फॉर्म कार्यकारिणीने मंजूर केला आहे, तेव्हा त्यात परस्पर बदल होऊ नयेत, ही विनंती. शिवाय मदतीची रक्कम द्यायची असल्याने यूडीआयडी कार्डाची (सरकारी दिव्यांग ओळखपत्राची) प्रत प्रत्येक अर्जासोबत असावी, असे मला वाटते.

खजिनदार

*

खजिनदार साहेब, कार्डाची अट आत्ता नको. सातांपैकी तिघांचे कार्ड अजून हातात आलेले नाही, आणि त्यातला एक मुलगा वर्ग कधी सुरू होणार म्हणून रोज विचारतो. कार्ड मिळेल तेव्हा जोडता येईल. मान आणि खुबा मात्र बसण्याआधीच तपासायला हवेत. फॉर्मला मी हात लावत नाही, त्याला मराठीत एक पान जोडते. घोडी किती वेळ चालते, सोबत किती माणसे असतात, मानेची कोणती लक्षणे पाहायची आणि मांड्या किती फाकतात हे कसे पाहायचे, एवढेच त्यावर असेल. ताई, तुम्ही ते आज रात्री वाचून द्या. भाऊ, तुमच्या केंद्रात मुलाला चढवण्यासाठी जो ओटा आहे, त्याची उंची मोजून कळवा, आपला सुतार गुरुवारी येणार आहे.

उद्या सकाळी मी दोन मुलांसोबत स्वतः दवाखान्यात जाते आहे. गादीची घट्ट वळकटी बरोबर नेईन, म्हणजे मुलाला तिच्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसवून डॉक्टरांना तिथल्या तिथे पाहता येईल.

काकू