ट्रान्सफॉर्मर दारात उभा, रेकॉर्डरवर ४.२ जी: उतरवून घ्यावा का?

कोजन_बीड

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात को-जनचं, म्हणजे बगॅसपासूनच्या वीजनिर्मितीचं, इलेक्ट्रिकल बघतो. आमचा नवा २५ एमव्हीए, १३२/११ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर काल संध्याकाळी गुजरातहून आला. ऑइल काढलेलं, टाकीत नायट्रोजन, लो-बेड ट्रेलर. धुळे, संभाजीनगर, गेवराई, बीड, मांजरसुंबा करत केजकडं आला.

टाकीवर समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन इम्पॅक्ट रेकॉर्डर, म्हणजे वाटेत बसलेले धक्के नोंदवणारी यंत्रं, होते. आज सकाळी कंपनीच्या माणसानं डेटा उतरवला, तर एकावर उभ्या दिशेत ४.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४.२ पट), दुसऱ्यावर त्याच मिनिटाला ३.७ जी. कंपनीनं दिलेली मर्यादा ३ जी आहे. वेळ दाखवतोय पहाटे २:१०. वाहतूकदार म्हणतो, "२:१० ला गाडी मांजरसुंब्याला ढाब्यावर उभी होती, ड्रायव्हर झोपलेला. तुमचं मशीनच खोटं." त्याच्या गाडीचं ट्रॅकिंग बघितलं, गाडी खरंच उभी होती. वर त्याच डेटात लोडिंगच्या दिवशीची आडव्या दिशेची ११ जीची एक नोंद आहे, ती दाखवून तो म्हणतो की ११ जी बसला असता तर ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवरच राहिला नसता.

आणखी एक शंका. निघताना दुपारी गॅसचं प्रेशर ०.२ होतं, आज सकाळी ०.१२. गळती असेल का?

बॉयलरचं अग्निप्रदीपन झालंय, मोळी टाकायची तारीख ठरलीय, ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागल्यात. एमडी साहेब म्हणतात उतरवून घ्या, ट्रेलरचा हॉल्टिंग चार्ज चढतोय. बाहेरून तर रंगाला ओरखडासुद्धा नाही. काय करावं?

लोबेडवाला

दादा, मी जड मालाची वाहतूक करतो म्हणून एक सांगतो. आधी ट्रेलरच्या बेडवर वाकून बघा. टाकीखालचे लाकडी स्लीपर सरकलेत का, चेन सैल पडल्यात का, स्टॉपरच्या वेल्डिंगला चीर आहे का. लोडिंगच्या वेळी टाकीच्या कडेनं बेडवर रंगाच्या खुणा मारल्या असतील तर त्या जुळतात का तेही बघा. टाकी जागची हलली असेल तर तिथं दिसणारच. आणि चेन सोडायच्या आधी फोटो काढा. एकदा चेन सुटली की मग कोण काय म्हणतो त्याला काही आधार उरत नाही.

ड्रायव्हरला लगेच दोषी धरू नका एवढीच विनंती. आपल्याकडं रात्रीतून गतिरोधक उभे राहतात, ना पट्टा ना फलक.

परळीचा_टेस्टर

उतरवू नका. निदान उद्यापर्यंत तरी नाही. मी आयुष्यभर ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगच केलं, परळीत आणि बाहेरही, म्हणून ठामपणे सांगतोय. "बाहेरून ओरखडा नाही" याला इथं काहीच किंमत नाही. टाकी जाड पोलादाची, तिला काही होत नाही. धक्का खातो तो आतला कोअर (लोखंडी गाभा) आणि त्यावर चढवलेली वाइंडिंग (तारांची गुंडाळी), आणि त्यांना धरून ठेवणारे लाकडी आधार.

आधी वेळेचं बघू. बरेच रेकॉर्डर नोंद यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, करतात. आपली घड्याळं त्याच्या साडेपाच तास पुढं. २:१० अधिक ५:३० म्हणजे सकाळचे ७:४०. त्या वेळी गाडी कुठं होती ते ट्रॅकिंगमध्ये बघा, आणि रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये टाइमझोन काय आहे ते कंपनीच्या माणसाला सगळ्यांसमोर उघडून दाखवायला सांगा.

आता ११ जी. नुसता जीचा आकडा वाचून कुणीच काही ठरवू नये, शेजारी किती मिलिसेकंद लिहिलेत ते बघायचं. आपल्याकडच्या टेंडरांत मर्यादा "३ जी, ५० मिलिसेकंद, म्हणजे २० हर्ट्झ" अशी लिहिलेली असते, ती याचसाठी. २० हर्ट्झला ३ जी म्हणजे वस्तू जवळजवळ २ मिलिमीटर हलली. टनावारी वजनाचा कोअर २ मिलिमीटर हलू बघतो तेव्हा खालचे पिन, वरचे अँकर, लीडचे (वाइंडिंगमधून बाहेर येणाऱ्या जोडतारांचे) आधार सगळ्यांवर ताण येतो. आणि रेकॉर्डरजवळ कुणी हातोडा मारला, चेनचा हुक आपटला, तर ११ जी सहज येतो, पण तो १-२ मिलिसेकंदांचा. ५०० हर्ट्झला ११ जीची हालचाल मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्यानं आत काही होत नाही. तुमची ११ जीची नोंद २ मिलिसेकंदांच्या आसपास असेल आणि एकाच रेकॉर्डरवर असेल तर ती सोडून द्या. पण ४.२ आणि ३.७ दोन्ही कोपऱ्यांवर एकाच मिनिटाला आलेत. तो धक्का खरा आहे.

प्रेशरचं घाबरू नका. दुपारी उन्हात टाकी ४० अंशांवर असेल, सकाळी २०. गणित वातावरणाचं प्रेशर १ धरून आणि तापमान केल्विनमध्ये घेऊन करायचं: १.२ गुणिले २९३ भागिले ३१३, उत्तर १.१२. म्हणजे गेजवर ०.१२, तेवढंच तुम्हाला मिळालंय. तरी ड्यू पॉइंट (आतल्या गॅसमध्ये ओल किती ते सांगणारा) मोजून घ्या.

ट्रेलरवर असतानाच कोअरचं मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारी चाचणी) करा. कोअर-अर्थिंगची लिंक बाहेर बॉक्समध्ये काढलेली असेल. ती सोडून कोअर ते टाकी, कोअर ते फ्रेम, फ्रेम ते टाकी, १ केव्हीला. फॅक्टरीच्या रिपोर्टशी ताडून बघा. तिथं शेकडो मेगओहम आणि इथं शून्याजवळ आलं, तर कोअर किंवा फ्रेम कुठंतरी टेकलीय.

आणि एसएफआरए, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे सिग्नल देऊन वाइंडिंग हललीय का ते आलेखावर बघणारी चाचणी. फॅक्टरीत तो वाहतुकीच्या स्थितीत, म्हणजे ऑइलशिवाय, घेतला होता का?

कोजन_बीड

सर, खूप आभार. सेटिंग उघडलं, यूटीसीच निघालं. ७:४० ला गाडी मांजरसुंबा सोडून नेकनूरच्या अलीकडं होती, एका पुलाच्या तोंडाशी. ट्रॅकिंगमध्ये तिथंच वेग एकदम खाली आलाय. ४.२ ची नोंद ४६ मिलिसेकंदांची, ११ ची २ मिलिसेकंदांची आणि एकाच रेकॉर्डरवर. वाहतूकदार आता वेळेवरून भांडत नाही. बेडवरचे स्लीपर जागेवर आहेत.

एसएफआरए मात्र फक्त ऑइल आणि बुशिंगसह (टाकीबाहेर येणाऱ्या जोडण्यांच्या इन्सुलेटरसह) घेतलेला आहे. तसाच इथं घेऊन जुळवता येईल का?

परळीचा_टेस्टर

नाही. ऑइल काढलं की आतली कपॅसिटन्स बदलते आणि आलेखातली सगळी शिखरं सरकतात. तो फरक बघून कुणी "वाइंडिंग हलली" म्हणेल, कुणी "हे ऑइलमुळं" म्हणेल, आणि दोघांपैकी कुणालाच सिद्ध करता येणार नाही. आयईसी ६००७६-१८ मध्ये जोडणी नोंदवण्यावर एवढा भर उगाच नाही. पुढच्या खरेदीत ऑर्डरमध्येच लिहा: वाहतुकीच्या स्थितीतला एसएफआरए फॅक्टरीत आणि साइटवर, दोन्हीकडं.

आता तुमच्यापुढं रस्ता एकच, कंपनीच्या इंजिनिअरसमोर आत उतरून तपासणी. आणि इथं हात जोडून सांगतो. टाकीत नायट्रोजन आहे. मॅनहोल उघडून कुणी डोकंसुद्धा आत घालायचं नाही. नायट्रोजनला वास नसतो, गुदमरतंय हे कळायच्या आत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. आधी कोरडी हवा भरून नायट्रोजन पूर्ण बाहेर काढा, ऑक्सिजन मीटरवर १९.५ टक्क्यांच्या वर दिसला की मगच माणूस आत, बाहेर एक जण सतत उभा, कोरडी हवा चालूच. परतीचा पाऊस घुटमळतोय, ढग असतील त्या दिवशी उघडूच नका. मोळी पुढं ढकलता येते. एमडी साहेबांना हे माझ्या नावानं वाचून दाखवा.

दावा_सर्व्हे

विम्याच्या बाजूनं थोडं. एलआरवर (वाहतूकदाराच्या मालपावतीवर) नुसती "माल मिळाला" अशी सही करू नका. "रेकॉर्डरवर मर्यादेबाहेरचा धक्का, आतली तपासणी बाकी" असं लिहूनच सही करा आणि विमा कंपनीला आजच लेखी कळवा, सर्व्हेअर ट्रेलरवरच बघू दे. रेकॉर्डरची मूळ फाइल कारखाना, कंपनी आणि वाहतूकदार तिघांकडं हवी, सोबत रेकॉर्डरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेली पाहिजे, रस्ता वाहतूक कायदा २००७, कलम १६. ती मुदत पोचल्याच्या तारखेपासून धरून बसू नका.

कोजन_बीड

काय झालं ते कळवतो. एमडी साहेबांनी स्वतः पूर्ण वाचलं आणि ट्रेलर थांबवला. कोअर ते टाकी मेगर फॅक्टरीच्या रिपोर्टसारखंच आलं, ड्यू पॉइंटही ठीक. सर्व्हेअर येऊन गेल्यावर उतरवला, रेकॉर्डर चालू ठेवूनच, जॅकवरून प्लिंथवर सरकवेपर्यंत. मग स्वच्छ ऊन बघून उघडला. एलव्ही (कमी व्होल्टेजच्या) बाजूच्या लीडचा एक लाकडी आधार तडकलेला आणि त्याचे नट सैल. बाकी क्लॅम्पिंग, पिन, अँकर जागेवर. कंपनीनं नवा आधार मागवून बसवला, खर्च त्यांचा. हा तसाच राहिला असता आणि चालू हंगामात बाहेर फॉल्ट झाला असता तर ती लीड कशाच्या जोरावर थांबली असती, हा विचार डोक्यातून जात नाही.

आता ऑइल भरून फिल्ट्रेशन चालू आहे. सर, आता फॅक्टरीच्या एसएफआरएशी जुळवता येईल ना? कंपनीचा माणूस आधी वाइंडिंग रेझिस्टन्स घेऊ म्हणतोय.

परळीचा_टेस्टर

बरं झालं, जीव भांड्यात पडला. हो, बुशिंग आणि ऑइलसह आता जुळवता येईल, टॅप पोझिशन मात्र फॅक्टरीतलीच ठेवा. आणि एसएफआरए आधी, रेझिस्टन्स नंतर. डीसी करंट दिला की कोअरमध्ये चुंबकत्व उरतं आणि आलेखाचा खालच्या फ्रिक्वेन्सीचा भाग बदलतो. त्यांनी आधीच घेऊन टाकला असेल तर कोअर डीमॅग्नेटाइझ करून मगच एसएफआरए घ्यायला लावा. तिन्ही फेजचे आलेख इथं टाका, मी बघतो.